उचलायचा राहिलेला अक्रोड

बुडापेस्ट
६ फेब्रुवारी २०१२

प्रिय ओत्तोमामा,

तुम्ही संगणक घेणार नाही आणि फोनवर ‘हो’, ‘बरं’ यापलीकडे बोलणार नाही, म्हणून शेवटी कागद पुढ्यात घेतला. आई म्हणाली, त्याला पत्र लिही, पत्राला उत्तर न देणं ओत्तोला असभ्य वाटतं. तर आता अडकलात.

येत्या सप्टेंबरात आमच्या संस्थेत गणिती तर्कशास्त्राची परिषद आहे. वेर्मेश गेदेओन आणि सिल्वाशी क्लारा या दोघांच्या सन्मानार्थ. वेर्मेश सरांची यंदा जन्मशताब्दी. क्लाराबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या चुका काढायचा त्यांचा बेत आहे. या देशात हा विषय ज्यांनी शून्यातून उभा केला, त्यांच्या गुरुवारच्या बैठकीत बसलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यातलं एक बोट बॉयात बसून जर्दाळूच्या झाडांना चुना फासतंय. तुम्ही यायचं आणि दहा मिनिटं बोलायचं.

दुसरं म्हणजे, परिषदेची चिटणीस म्हणून वेर्मेश सरांची कागदपत्रं लावायचं काम माझ्याकडे आलंय. त्यात मला एकतीस पानांचं एक हस्तलिखित सापडलं. वाचता वाचता मी उभीच राहिले. जे प्रमेय मी दर वर्षी एका कॅनडावाल्याच्या नावाने शिकवते, ते सिद्धतेसकट त्यात आहे. कॅनडावाल्याने छापलं सत्त्याहत्तर साली. सरांनी लिहिलंय सहासष्टमध्ये. अकरा वर्षं आधी, मामा. आणि कुठेही छापलं नाही. का?

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, ‘ओत्तोचा अक्रोड, ३ नोव्हेंबर १९६६’. त्या बैठकीत ओत्तो एकच होता, मी यादी पाहिली. हा अक्रोड काय आहे?

आई म्हणते, तू बुडापेस्टहून परत आलास तो तोंड शिवूनच आलास, आणि तिकडच्या पाच वर्षांबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस. आता काढा.

तुमची
रेका


बॉया
१७ फेब्रुवारी

रेका पोरी,

डॅन्यूब गोठली आहे. बर्फ फोडणारी बोट दोन दिवस इथेच अडकून होती आणि अर्धं गाव काठावर उभं राहून तिला सल्ले देत होतं. मीही दिले.

अक्रोडाचं विचारतेस. वेर्मेश सरांच्या झेबेगेन्य गावच्या बागेत अक्रोडाचं झाड होतं. हिवाळ्यात ते पिशवीभर अक्रोड आणायचे आणि बैठक सुरू होताना प्रत्येकासमोर एकेक ठेवायचे. फळ्याशी कुणीतरी सिद्धता मांडत असायचं. ऐकणाऱ्याला कुठे फट दिसली तर त्याने तोंड उघडायचं नाही. उठायचं, आपला अक्रोड बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवायचा आणि परत जागेवर येऊन बसायचं. फट कुठे आहे ते सांगायचं नाही, खुणावायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. सर म्हणायचे, दुसऱ्याने दाखवलेली चूक माणूस विसरतो, स्वतः सापडलेली जन्मभर विसरत नाही. बोलणाऱ्याला फट सापडली की अक्रोड त्याचा; तो फोडून खायचा. आणि फट मुळात नव्हतीच, ठेवणाराच चुकला होता, असं निघालं तर ज्याने ठेवला त्यानेच सगळ्यांसमोर यायचं, ‘माझा होता’ म्हणायचं, अक्रोड उचलायचा, फोडायचा आणि अर्धा बोलणाऱ्याला द्यायचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. फोडायचा दाराच्या सांध्यात. त्या खोलीचं दार त्यामुळे कधी नीट लागलंच नाही.

तू लिहितेस त्या एका अक्रोडाबद्दल मला काही आठवत नाही. पाच वर्षांत कितीतरी आले नि गेले. आणि न छापलेल्या गोष्टींनी सरांचे खण भरलेले असत, त्यात नवल नाही.

परिषदेला मला जमणार नाही. गुडघे बोलतात, आणि अंगावरचा सूट निवृत्तीच्या वेळचा आहे, म्हणजे माझ्यापेक्षा जाड माणसाचा.

आईला नमस्कार. आणि तिला सांग, तिचे सेगेदवाले माशाच्या रश्शात शेवया घालत नाहीत तोवर मी त्याला रस्सा म्हणणार नाही.

ओत्तोमामा


बुडापेस्ट
५ मार्च

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी संस्थेत चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. लोक खूश आहेत. परिषदेत प्रत्येक टेबलावर अक्रोडांची टोपली ठेवायचं ठरलं.

पण तुम्ही काहीतरी लपवताय. मी शुक्रवारी क्लाराबाईंकडे गेले होते. खसखशीच्या रोलचे तीन तुकडे खाल्ल्याशिवाय त्यांनी मला बोलू दिलं नाही. मग मी तुमचं नाव काढलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “तो अजून रागावलाय का?” मी म्हटलं, कशाबद्दल? तर म्हणाल्या, “ते त्यालाच विचार.”

मी विचार केला, आणि माझ्यापुरतं मला उलगडलंय. तुम्हाला सरांच्या सिद्धतेत फट दिसली. पंचविशीतल्या पोराने सगळ्यांसमोर अक्रोड ठेवला आणि मोठ्या माणसाला ते झोंबलं. तुमची सहायकाची जागा गेली, तुम्ही बॉयाला आलात आणि चाळीस वर्षं शाळेत भागाकार शिकवलेत. आणि सरांनी ते हस्तलिखित लाजेपोटी खणात टाकलं. गौरवग्रंथात मी हे लिहिणार आहे. ज्यांचा सन्मान करायचा त्यांच्याबद्दल खरंही लिहिलं पाहिजे, आणि तुमच्यावर झालेला अन्याय आता तरी कुणीतरी सांगितला पाहिजे.

एकच अडचण आहे. मी आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांनी ती एकतीस पानं चारदा तपासली. आम्हाला फट सापडत नाही. ती कुठे होती, तेवढं सांगा.

रेका


(पोस्टकार्ड)
बॉया, ९ मार्च

रेका, हे छापू नकोस. मला कुणीही हाकललं नाही. सर मला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. छापू नकोस. ओत्तो.


बुडापेस्ट
११ एप्रिल

मामा,

ईस्टरच्या सोमवारी तुम्ही सेगेदला आला नाहीत. मला आठवतंय तेव्हापासून त्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला तुम्ही आईवर आणि माझ्यावर ते भयंकर वासाचं अत्तर शिंपडता, आणि आम्ही दिवसभर केस धूत बसतो. या वर्षी आमचे केस कोरडे राहिले. अत्तराच्या बदल्यात द्यायचं रंगवलेलं अंडं आईने तुमच्यासाठी फ्रिजमध्ये ठेवलंय.

‘छापू नकोस’ ही सिद्धता होत नाही. मी अकरा वर्षांची असताना एका गणितात ‘हे उघड आहे’ असं लिहिलं होतं. तुम्ही तिथे लाल पेन्सिलीने लिहिलंत, ‘कुणाला?’ आता मी तुम्हाला तेच विचारते.

ग्रंथ एकतीस मेला छापायला जातो. तोवर तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर मला जे खरं वाटतं ते मी लिहीन.

रेका


बॉया
२० मे

रेका,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला सहा आठवडे लागले. एवढ्यात मी पाच पत्रं लिहून चुलीत घातली. हे सहावं आहे, आणि ते न वाचता पाकिटात घालणार आहे.

फट नव्हती.

सर ते प्रमेय तीन गुरुवार मांडत होते. पहिल्या गुरुवारी मी नव्हतो. दाढ दुखत होती, दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. तिसऱ्या गुरुवारी, बाविसाव्या पानाशी, मला दिसलं की सर्व शक्यता घेताना सरांनी एक घेतलेलीच नाही, ती रिकामी, जिथे मोजायला काहीच नसतं. शाळकरी पोरंही तिथेच घसरतात. वेर्मेश गेदेओन रिकामी शक्यता विसरले आणि ते पाहिलं मी. मी उठलो, अक्रोड ठेवला आणि जागेवर येऊन बसलो. आयुष्यात तेवढा सुखी मी पुन्हा झालो नाही, हेही लिहून टाकतो.

रविवारी घरी आलो होतो. आई शेवया लाटत होती आणि मी पहिल्या गुरुवारची दुसऱ्याने उतरवून घेतलेली टिपणं वाचत होतो. दुसऱ्याच ओळीत सरांनी रिकामी शक्यता निकालात काढली होती. एका वाक्यात. मी नव्हतो तेव्हा.

मला हसू आलं, शप्पथ. म्हटलं गुरुवारी उचलू आणि ‘माझा होता’ म्हणू. असं आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलेलं होतं, त्यात कमीपणा नव्हता.

गुरुवारी मी आत गेलो तर सर आधीच फळ्याशी उभे होते. दाढी केलेली नव्हती. म्हणाले, “मित्रहो, मी सात दिवस शोधतोय, मला सापडलं नाही. पण ओत्तोने ठेवलाय म्हणजे फट आहे. तीस वर्षांत मला इतकं कुणी खिळवून ठेवलेलं नाही.” आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. क्लाराबाईंनीही. मी शाळेत असताना गणिताच्या मासिकात उत्तम सोडवणाऱ्यांचे फोटो छापायचे, त्यात माझा फोटो पाहिल्यापासून सर मला ‘उभ्या कानांचा’ म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा ‘ओत्तो’ म्हणाले.

अक्रोड टेबलावर होता. हात लांब केला असता तर पोचला असता. मी हात मांडीखाली घेतला.

पुढच्या गुरुवारी ते आणखी अवघड झालं, त्याच्या पुढच्या गुरुवारी अशक्य. अक्रोड तिथेच. झाडणारी बाई त्याच्याभोवतीनं फडकं फिरवायची. वसंतात मला सहायकाची जागा देऊ केली. कशाच्या जोरावर, ते मला ठाऊक होतं. ती मी घेतली नाही, एवढा एकच बरा निर्णय त्या वर्षात माझ्या हातून झाला. जूनमध्ये बॉयाच्या शाळेत रुजू झालो.

सत्त्याहत्तरमध्ये शिक्षकांच्या खोलीत ते परदेशी मासिक चाळताना कॅनडावाल्याचा लेख दिसला. पहिलं पान वाचलं आणि कळलं, सरांचं प्रमेय गेलं. मी ठेवलेला अक्रोड टेबलावर होता म्हणून त्यांनी ते छापलं नव्हतं. नंतर सातवीचा तास होता, तो मी घेतला. पंच्याऐंशीत सर गेले. दफनाला मी मागे उभा होतो, आणि कुणी ओळखायच्या आत निघून आलो.

अन्याय झाला तो कुणावर, हे आता तुला कळलं. तुझ्या ग्रंथात मला बिचारा करू नकोस. बाकी काय हवं ते कर.

ओत्तो


बुडापेस्ट
२९ मे

मामा,

मला तीन दिवस लिहवलं नाही. मला तुमचा राग आलाय, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. दर वर्षी मी फळ्यावर त्या माणसाचं नाव लिहिते. तो भला माणूस आहे, त्याचा काही दोष नाही. पण तिथे वेर्मेश हे नाव असायला हवं होतं. सर गेले ते त्यांच्या सगळ्यात सुंदर कामात फट आहे असं समजून गेले. एका दाढेपायी आणि तुमच्या उभ्या कानांपायी.

माझा लेख मी ग्रंथातून काढला. तिथे दोन कोरी पानं जातील. संपादक ओरडतोय, ओरडू दे.

क्लाराबाईंना मी काही सांगणार नाही. तुमचाच नियम आहे, ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा. परिषद सहा सप्टेंबरला सुरू होते. वार गुरुवार आहे, मी मुद्दाम पाहिला.

रेका


बॉया
१४ जुलै

रेका,

माझ्या नामदिनाचं, कॅलेंडरात ओत्तो हे नाव येतं त्या दिवसाचं, तुझं कार्ड मिळालं. त्यात सहीशिवाय काही नव्हतं. तरी आलं, हे पुष्कळ.

आज गावात माशाच्या रश्शाचा दिवस आहे. चौकात शेकडो कढया लागल्या आहेत, धुराने डोळे चुरचुरतात आणि शेजारचा बोर्शोद्यी मला तिखट कमी पडलं का म्हणून चौथ्यांदा विचारतोय. मी चमचा हातात धरून विचार करत होतो. एकाहत्तर वर्षांचा झालो. चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की चुकलं तर खोडरबर वापरू नका, एक रेघ मारा आणि खाली बरोबर लिहा, म्हणजे कुठे चुकलात ते दिसेल. मुलं ऐकायची.

मी येतो. माझी ओळख करून द्यायची नाही, पुष्पगुच्छ द्यायचा नाही. दहा नाही, चार मिनिटं पुरतील. आणि टेबलावर त्या टोपल्या ठेवू नका. ते मला सोसणार नाही.

सूट बोर्शोद्यीच्या सुनेने आत घेऊन दिलाय.

ओत्तोमामा


बुडापेस्ट
१३ ऑगस्ट

मामा,

टोपल्या रद्द. तुमचं बोलणं सकाळी साडेदहाला. स्टेशनवर मी येईन, ट्रामच्या नादी लागू नका, दोन मार्ग खणलेत.

काल क्लाराबाईंचा नामदिन होता. फुलं घेऊन गेले. तुम्ही येताय एवढंच सांगितलं. त्यांनी मला कपाटातून त्यांची काळी हँडबॅग काढायला लावली आणि आत काहीतरी चाचपून पाहिलं. मला दाखवलं नाही. “निळा पोशाख इस्त्रीला दे,” म्हणाल्या.

राग अजून आहे. पण तुम्ही येताय म्हटल्यावर तो बसायला जागा शोधतोय.

रेका


बॉया
१० सप्टेंबर

रेका पोरी,

तू समोरच होतीस, तरी लिहितो. तुला माझा चेहरा दिसत होता, मला दिसत होतं ते वेगळं.

मला दिसत होता एक निळा पोशाख आणि त्याच्या मांडीवरची काळी बॅग. मी चार मिनिटं मागितली होती, दीडच लागलं. पहिल्या गुरुवारी मी नव्हतो. तिसऱ्या गुरुवारी अक्रोड ठेवला. रविवारी कळलं की मी चुकलो. उचलला नाही. सांगायला एवढंच होतं, आणि त्याभोवती मी सेहेचाळीस वर्षं काढली.

नंतर पहिला प्रश्न आला तो तुला आठवत असेल. तो देब्रेत्सेनचा जाड चष्मेवाला हात वर करून म्हणाला, “माफ करा, पण रिकामी शक्यता नेमकी कुठल्या ओळीत निकालात निघाली होती?” त्या क्षणी मला त्याचा पापा घ्यावासा वाटला. बाकी सगळे माझ्याकडे पाहत होते, तो एकटा सिद्धतेकडे पाहत होता.

मग क्लाराबाई उठल्या. तू हात द्यायला धावलीस, त्यांनी झटकला. व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढायला त्यांना किती वेळ लागला ते मी मोजत होतो. त्यांनी बॅग उघडली, रुमालातून तो काढला आणि माझ्यासमोर ठेवला. काळा पडलेला, फडक्याच्या पुसण्याने एका बाजूला गुळगुळीत झालेला. म्हणाल्या, “टेबल बदललं तेव्हा फेकत होते. उचल.”

मी उचलला. “माझा होता,” म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. शाळेतल्या एखाद्या पोराचा असतो तसा होता.

त्यानंतर सभागृह उठून उभं राहिलं. ते मला नको होतं, पण तो तुमचा नियम असेल, आमचा नव्हता.

आता तुला ठाऊक नाही ते. जेवणाच्या सुट्टीत क्लाराबाईंनी मला खिडकीपाशी बसवलं आणि बॅगेतून सरांच्या खिशातल्या दोन डायऱ्या काढल्या, सहासष्टची आणि सदुसष्टची. चोवीस नोव्हेंबरच्या पानावर सरांच्या बारीक अक्षरात आहे: ‘हजेरी पाहिली. पहिल्या गुरुवारी ओत्तो नव्हता. म्हणजे त्याने रिकामी शक्यता धरली असणार. म्हणजे फट नाही. आता त्यालाही कळलं असेल. पुढच्या गुरुवारी उचलेल.’

तीन आठवड्यांत, रेका. सरांना तीन आठवड्यांत कळलं होतं. ते फट आहे समजून गेले, असं तू लिहिलं होतंस. तसं नव्हतं.

आठ डिसेंबर: ‘आज नाही. घाई करायला नको.’ मार्चमध्ये: ‘अक्रोड टेबलावर असताना छापलं तर सगळ्यांसमोर त्याला खोटं पाडल्यासारखं होईल. पंचवीस वर्षांचा आहे.’ जूनमध्ये फक्त: ‘गेला.’

मला वाटलं होतं हे ऐकून हलकं वाटेल. आधी राग आला. मी म्हटलं, “क्लाराबाई, त्यांनी एक शब्द बोलायचा होता. एक. मी दुसऱ्या दिवशी उचलला असता.”

“आणि तू?” त्या म्हणाल्या.

मग म्हणाल्या, “मी दर वर्षी सांगायचे, गेदेओन, पोराला पत्र टाक. तो म्हणायचा, नियम मीच केलाय, मीच मोडला तर तो कधी नियम नव्हताच. आम्हाला वाटायचं तू रागावून गेलास. सत्त्याहत्तरमध्ये कॅनडाचा लेख आला तेव्हा मी रडले. त्याने चहा ओतला आणि म्हणाला, प्रमेय कुजत नाही क्लारा, ते कुणाच्याही नावाने ताजं राहतं. ओत्तोचं काय झालं असेल?” एवढं बोलून त्या खिडकीबाहेर पाहायला लागल्या. “दोन गाढवं,” म्हणाल्या. “आणि मी तिसरी. पत्र मलाही टाकता आलं असतं.”

यामुळे माझी चूक कमी होत नाही, हे मला कळतं. पण मी इतकी वर्षं समजत होतो की मी एका माणसाला फसवलं. त्याने माझी वाट पाहिली हे मला माहीत नव्हतं. फसवलेल्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटते. वाट पाहणाऱ्याकडे मी कधीही जाऊ शकलो असतो. याचं मला जास्त दुःख होतंय, आणि त्याला आता इलाज नाही.

अक्रोड आम्ही तिथल्याच दाराच्या सांध्यात फोडला. आत तपकिरी भुकटी होती आणि वाळलेली एक सुरकुती. अर्धी मी त्यांच्या रुमालात बांधली, गेदेओनच्या वाटणीची म्हणून. खाल्ली नाही. तेवढं तर्कशास्त्र आम्ही दोघंही शिकलो होतो.

तुझ्या संस्थेचं ते दार आता नीट लागत नाही. तक्रार आली तर माझं नाव सांग.

ओत्तोमामा


बुडापेस्ट
२९ ऑक्टोबर

प्रिय ओत्तोमामा,

क्लाराबाईंनी सरांच्या डायऱ्या आमच्या संग्रहाला दिल्या. त्या देताना अजिबात हळव्या झाल्या नाहीत, फक्त पावती मागितली.

या पाकिटात पंचेचाळीस पानं आहेत. वेर्मेश सरांची सिद्धता, आजच्या भाषेत, आणि मागे माझी टिपणं. पुढल्या वर्षी छापून येईल. लेखक म्हणून नाव त्यांचं, मी फक्त संपादक. कॅनडावाल्याला मी सगळं कळवलं. त्याने दोन ओळींचं उत्तर पाठवलं की इथून पुढे तो स्वतःच्या पुस्तकात दोन्ही नावं लिहील, सरांचं आधी. तो आता निवृत्त आहे आणि मधमाश्या पाळतो.

तुमच्याबद्दल प्रस्तावनेत एक परिच्छेद आहे. बिचारा केलेलं नाही, खलनायकही नाही. जे झालं ते तारखांसकट.

छापायच्या आधी ही पानं वाचायला माझ्या ओळखीत तुमच्याहून बरा माणूस नाही. कुठे काही दिसलं तर काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. सांगायचं नाही. मी शोधीन.

राग गेला. कधी गेला ते कळलं नाही.

रेका


बॉया
बुधवार, ७ नोव्हेंबर

रेका,

सोबत एक अक्रोड. बोर्शोद्यीच्या झाडाचा आहे, यंदाचा.

बाकी काही बोलत नाही.

ओत्तोमामा


बॉया
गुरुवार, ८ नोव्हेंबर

रेका,

कालचं पाकीट उघडण्याआधी हे मिळावं म्हणून सकाळी आठला टपाल कचेरीच्या दारात उभा होतो. बाई म्हणाल्या की कालचं सहाच्या गाडीनेच गेलं, आता काही मागे येत नाही. म्हणून हे जलद टपालाने पाठवतोय. तरी ते आधी पोचलं असेल आणि तू शोधायला बसली असशील, तर थांब.

नवव्या पानावर तू रिकामी शक्यता घेतलेली नाहीस असं मला वाटलं होतं. ती खाली तळटिपेत आहे. तळटिपा बारीक अक्षरात असतात आणि काल माझा वाचायचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. आज सकाळी चहा ढवळताना तो सापडला, आणि तळटीपही.

नववं पान बरोबर आहे. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस पानं बरोबर आहेत.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. तू अक्रोड टेबलावर ठेव, त्याला हात लावू नकोस आणि क्लाराबाईंनाही बोलावून घे. मला तो दोघींसमोर उचलायचाय. पण तोवर थांबवत नाही म्हणून इथेच लिहितो.

माझा होता.

ओत्तोमामा